सासवडचा घाट जलरंगात: पुण्याहून निघून जागेवरच चित्र पुरं करायचं कसं

जागेवर बसून केलेलं जलरंगातलं चित्र बहुतेक वेळा फसतं ते कागदाला पाणी लागण्याआधीच. ऊन कुठून येतंय ते ठरलेलं नसतं, काय गाळायचं ते ठरलेलं नसतं, कागद उन्हात असतो आणि बसायची जागा अशी, की दर दहा मिनिटांनी कुणाच्या तरी मोटारसायकलसाठी उठावं लागतं. हे सगळं ब्रश हातात घेऊन ठरवायला जावं तर तोवर वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा सलग थर, वाळून कड धरलेली असते. तैलरंगात मधेच विचार बदलता येतो, खरवडून पुन्हा लावता येतं. जलरंगात ती सोय फार थोडी. म्हणून या लेखातला बराचसा भाग रंग न लावता करायच्या कामांचा आहे.

उदाहरणाला गाव घेतलंय सासवड. स्वारगेटहून जेजुरीकडे जाणारी एसटी किंवा हडपसरहून पीएमपी, दिवे घाट चढून तीसेक किलोमीटर. कऱ्हा आणि चांबळी यांच्या संगमावर संगमेश्वराचं काळ्या दगडातलं देऊळ, नदीकडून वर चढणाऱ्या पायऱ्यांचा घाट (आपलं चित्र याचंच), गावात पुरंदरे वाड्याचे किल्ल्याला शोभतील असे बुरूज, सोपानदेवांची समाधी. अवतीभोवती पत्र्याची छपरं, दोन-तीन मजली सिमेंटच्या इमारती, गच्चीवरच्या काळ्या टाक्या. नैर्ऋत्येला पुरंदर आणि त्याला लागून वज्रगड. पुढे पाणी, मध्ये गाव, मागे डोंगर असे तीन थर मिळणारं आणि तरी पायी फिरून संपणारं गाव पुण्याजवळ शोधायला गेलात तर हेच पटकन हाताशी येतं.

वेळ आणि हंगाम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. थंडी सुखाची हे कारण आहेच, पण खरं कारण सूर्याची उंची. डिसेंबरच्या उत्तरार्धात पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे दिवसभर भिंतींवर तिरका प्रकाश असतो आणि घरांचे आकार उठून दिसतात. सकाळी ९ वाजता खांबाची सावली खांबाच्या दुपटीहून लांब असते, साडेदहापर्यंत ती सव्वापटीवर येते. म्हणजे दीड तासात चित्रातली सावली निम्म्याच्या आसपास आखडते. उलट मेमध्ये जा: १३ मेच्या सुमारास पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो, दुपारी साडेबाराला ऊन थेट डोक्यावर. त्या आठवड्यात दुपारी देऊळ, वाडा, पत्रा सगळं सपाट दिसतं, आणि कागदावर फिरवलेला हात उचलेपर्यंत वॉश वाळतो.

पावसाळ्यात पुरंदर तालुका सुंदर दिसतो, पण हवेतल्या ओलीमुळे वॉश अर्धा-अर्धा तास वाळत नाही. सुरुवात त्या दिवसांत करू नये.

सोमवार टाळा. महादेवाचं देऊळ आहे, श्रावणातल्या सोमवारी आणि महाशिवरात्रीला घाटावर बसायला जागा मिळणार नाही. सोमवती अमावास्येला जेजुरीची गर्दी याच रस्त्यानं जाते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा सासवडला दोन रात्री मुक्काम असतो. तेव्हा स्केचबुक आणि पेन घेऊन जरूर जा, जलरंगाचा संसार मांडू नका.

पुण्यातून सहा-साडेसहाला निघालात तर आठच्या आत घाटावर पोचता. काम साडेआठ ते साडेदहा. त्यानंतर चित्र वाढत नाही, फक्त मळत जातं.

पिशवीत काय

कागद हा एकच असा खर्च आहे जिथे हात आखडता घेऊ नये. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), शंभर टक्के कॉटनचा, कोल्ड प्रेस्ड (किंचित खरखरीत) कागद घ्या. रंग विद्यार्थ्यांच्या दर्जाचे चालतील, कागद नाही चालणार. स्वस्त कागद पाणी असमान शोषतो, आणि नवशिक्याला वाटतं दोष आपल्या हाताचा आहे. पूर्ण इंपीरियल कागद २२ बाय ३० इंचांचा असतो. त्याचे चार तुकडे केले की ११ बाय १५. दोन तासांत एवढाच पुरा होतो. पहिल्या काही वेळा आठवा हिस्सा पुरे. हातकागद वापरायचा असेल तर आधी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून बघा. थेंब वर उभा राहिला तर ठीक, लगेच मुरून काळपट डाग पडला तर तो कागद जलरंगाचा नाही.

रंग आठ पुरतात: यलो ऑकर (मातकट पिवळा), एक स्वच्छ पिवळा, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), लाइट रेड (विटकरी), क्रिमसन (किरमिजी), आणि अल्ट्रामरीन, कोबाल्ट, सेरुलियन हे तीन निळे. क्रिमसन घेताना ट्यूबवरचा पिगमेंटचा क्रमांक वाचा. पीआर ८३ म्हणजे अलिझरिन, तो भिंतीवरच्या उजेडात हळूहळू उडतो. पीव्ही १९ असेल तर टिकतो. तयार हिरवा आणि काळा घरी ठेवा. रंग आदल्या संध्याकाळी पॅलेटमध्ये भरा, म्हणजे एसटीत वाहणारही नाहीत आणि सकाळी मऊही असतील.

ब्रश: एक मोठा मॉप (भरपूर पाणी धरणारा जाड, मऊ ब्रश) किंवा १२ नंबरचा राउंड (गोल, टोकदार), एक ८ नंबरचा, एक इंची फ्लॅट (चपटा), आणि तारांसाठी रिगर (लांब केसांचा बारीक ब्रश). बारीक ब्रश जितके कमी न्याल तितकं चित्र मोकळं येईल.

उरलेलं सामान किरकोळ, पण विसरलं की अडतं: हलका बोर्ड, मास्किंग टेप, चार बुलडॉग क्लिपा, सहाबी आणि एचबी पेन्सिल, दोन पसरट डबे (एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याला), जुन्या सुती साडीचा धडपा, घडीचं स्टूल, टोपी. पाणी दीड लिटर घरून न्या. नदीचं पाणी वापरायचा मोह होतो, पण त्यातला गाळ आणि शेवाळ आकाशाच्या वॉशमध्ये उतरतं. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत यातलं बहुतेक सगळं एका फेरीत मिळतं.

आधी चालायचं

पोचल्यावर पिशवी उघडू नका. अर्धा तास नुसतं फिरा: पूल, दोन्ही काठ, पायऱ्या, मग वाड्याकडची गल्ली. पोस्टकार्डच्या जाडीच्या कागदाचे दोन एल-आकार कापून न्या, ते एकमेकांवर धरून चौकट लहान-मोठी करत बघा. नजर गावभर पसरते आणि सगळंच घ्यावंसं वाटतं, त्यावर हाच उपाय. चौकटीत सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळी गोष्ट जिथे एकमेकांना भिडतात, ती जागा मध्यावर न येता एका बाजूला येईल असं बघा. घाटावर ती जागा बहुतेकदा उन्हातली पायरी आणि तिच्यामागची सावलीतली भिंत इथे सापडते.

बसायची जागा निवडताना तीनच गोष्टी बघायच्या. कागद सावलीत हवा. उन्हातला पांढरा कागद डोळे दिपवतो, सगळे रंग फिके वाटतात, म्हणून आपण गडद लावत जातो आणि घरी आल्यावर चित्र संध्याकाळचं वाटतं. छत्री न्यायची तर काळी किंवा पांढरी; रंगीत छत्रीखाली कागदावर तिचाच रंग पडतो. दुसरं, पाठीला भिंत हवी, म्हणजे मागून कुणी टेकून उभं राहणार नाही. तिसरं, कुणाच्या दारात, देवळाच्या वाटेत किंवा कपडे वाळत घालायच्या जागी बसायचं नाही. ओट्यावर बसायचं असेल तर घरात विचारा. "काका, तासभर इथे बसून चित्र काढू का?" एवढ्यावर सासवडला नाही म्हणणारं माणूस विरळा. न विचारता बोर्ड मांडून समोरच्या घरांकडे डोळे बारीक करून बघणारा माणूस नगरपरिषदेकडून रस्तारुंदीचं माप घ्यायला आलाय असा समज होतो, आणि मग पुढचा अर्धा तास खुलासे करण्यात जातो.

पाच मिनिटांचं रेखाटन

सहाबी पेन्सिलनं तळहाताएवढी चौकट आखा आणि तिच्यात फक्त तीन टोन टाका: कोरा कागद, मधला करडा, गडद. डोळे अर्धे मिटून बघितलं की बारकावे जातात आणि हे तीनच उरतात. खिडक्या, विटा, पानं काहीही काढायचं नाही. गडद भाग एकमेकांना जोडून एक-दोन मोठे आकार झाले की समजा चित्र उभं राहिलं. गडदाचे ठिपके चौकटभर विखुरलेले असतील तर जागा बदला. हे पाच मिनिटांत कळतं हे भाग्य, एरवी दीड तासानं कळतं.

याच रेखाटनावर सूर्याच्या दिशेचा बाण काढा आणि सावल्यांच्या कडा ठळक करा. इथून पुढे सावल्या याच. समोर सावली सरकली, जास्त सुंदर झाली, तरी बघायचं नाही. सूर्य तासाला १५ अंश फिरतो. त्याच्यामागे लागलात तर डावीकडच्या घरावर साडेआठ वाजलेले असतील आणि उजवीकडच्या घरावर दहा.

काय गाळायचं

यावर माझं मत जरा कडक आहे. पुण्यातले बरेच जण गावात जाऊन देऊळ, वाडा, वड, डोक्यावर हंडा घेतलेली बाई असं चित्र काढतात आणि पत्रा, टाकी, तार, डिश अँटेना सरसकट पुसतात. मग सासवड कुठलं आणि वाई कुठली? गंजलेल्या पत्र्याचा लाइट रेड आणि काळ्या दगडाचा करडा शेजारीशेजारी येणं हीच आजच्या गावाची रंगसंगती आहे. गच्चीवरची काळी टाकी तर आकाशाच्या कडेला आयता गडद ठिपका देते. मी गाळतो ते फ्लेक्स (अक्षरं डोळा ओढून घेतात, म्हणून नुसता फिका चौकोन ठेवायचा), बहुतेक तारा, आणि दोन सारख्या उंचीच्या इमारती असतील तर त्यांतली एक. नदीवर जलपर्णी असेल तर ती एक सपाट हिरवी पट्टी म्हणून घ्या, पान-पान नको.

पेन्सिल

एचबीनं हलकं. रबर कमीत कमी, कारण खोडलेल्या जागी कागदाचा पृष्ठभाग दुखावतो आणि तिथे वॉश डाग धरतो.

सगळ्यात आधी नजरेची आडवी रेषा आखा. घाटाच्या पायऱ्या चुकतात त्या इथेच. खाली बसून वर बघताना नजरेच्या रेषेपेक्षा उंच असलेल्या पायऱ्यांची फक्त उभी बाजू दिसते, पाय ठेवायची आडवी बाजू दिसतच नाही. रेषेखालच्या पायऱ्यांची आडवी बाजू दिसते, आणि जितकी खाली तितकी जास्त रुंद. आपल्याला पायरीला आडवी बाजू असते हे माहीत असतं, म्हणून हात ती वरच्या पायऱ्यांनाही काढून मोकळा होतो आणि घाट पुढे कलंडलेला दिसतो.

स्टुलावर बसलं की डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर येतात. म्हणजे आपल्याच पातळीवरच्या सपाट जमिनीवर उभी असलेली मोठी माणसं, जवळची असोत की लांबची, नजरेच्या रेषेला कमरेच्या आसपासच कापली जातात. एवढं सांभाळलं तर नंतर कुठेही माणूस टाका, तो जमिनीवर उभा राहतो.

पहिला हात

बोर्डाला मागून थोडा उतार द्या. मोठ्या ब्रशनं वरून सुरुवात: आकाशाला पातळ सेरुलियन, क्षितिजाकडे येताना त्यात किंचित ऑकर. तो ओला असतानाच डोंगर. डिसेंबरात पुरंदरावरचं गवत वाळलेलं असतं, तेव्हा डोंगर निळा न करता ऑकर, कणभर क्रिमसन आणि कोबाल्ट यांचा पातळ जांभळट-पिवळा करडा घ्या. तसंच खाली उतरत घरांच्या उन्हातल्या भिंती, जमीन, पायऱ्या सगळ्यांवर फिका उबदार रंग. पांढऱ्या भिंती आणि पाण्यावरची चमक मात्र कोरी सोडा. जलरंगात पांढरा म्हणजे कागद.

या टप्प्यात वेगळी घरं रंगवायची नाहीत. कागदभर एकच सलग ओला थर.

आता थांबा आणि कागद तिरक्या नजरेनं बघा, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे. पाणी कागदावर उभं असतं तेव्हा त्यात आकाशाचं प्रतिबिंब दिसतं. त्यात टाकलेला रंग मनाला येईल तिकडे पळतो. थोड्या वेळानं चमक साटिनसारखी मंद होते. झाडांच्या मऊ कडा, लांबचा धूर, डोंगराचा पायथा करायची ही वेळ, आणि ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी हवं. मग चमक जाते, पण बोटाची मागची बाजू कागदाजवळ नेली की गार लागतं. इथे हात लावायचा नाही. याच वेळी ओला ब्रश टेकवला की पाणी रंगाला ढकलून नक्षीदार कडांचा फुलोरा उठवतं आणि तो निघत नाही. कागद गार लागेनासा झाला की वाळला. डिसेंबरच्या सकाळी याला पाच-सात मिनिटं लागतात. तेवढ्यात टपरीवर चहा होतो.

सावल्या, एका दमात

चित्र घडतं ते इथे. सावलीचा रंग भरपूर कालवून ठेवा, मधेच संपला तर तोच पुन्हा जमत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एवढ्यावर सगळं भागतं. निळा जास्त तर थंड सावली, सिएना जास्त तर उबदार. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, आणि दगडाचा खरखरीतपणा आपोआप मिळतो.

काळा दगड काळा नसतो. उन्हातली बाजू फिकी तपकिरी-करडी असते. सावलीतला उभा भाग खालच्या तापलेल्या फरशीचा उजेड घेतो म्हणून तळाशी ऊबदार. आकाशाकडे तोंड असलेली सावलीतली पायरी निळसर. पाण्याला लागलेली शेवटची पायरी ओलीमुळे सगळ्यात गडद. हे चारही रंग एकाच ओल्या सावलीत, ब्रश न उचलता, एकात एक सोडायचे. घराची सावली जमिनीवर उतरते तिथेही रेघ न पाडता तसंच खाली यायचं. तुकड्या-तुकड्यानं लावलेली सावली ठिगळ दिसते.

झाडांचा हिरवा पिवळ्यात अल्ट्रामरीन मिसळून करा आणि प्रत्येक वेळी त्यात थोडा बर्न्ट सिएना टाका. नदीकाठची वेडी बाभूळ धुरकट हिरवी, पिंपळ त्याहून गडद. पाण्यातलं प्रतिबिंब वस्तूच्या सरळ खाली येतं. गडद वस्तू त्यात थोडी उजळते, उजळ वस्तू थोडी मळते. ते उभ्या हातानं लावा आणि ओलं असताना स्वच्छ दमट फ्लॅटनं एक-दोन आडव्या पट्ट्या उचला.

वारा असेल तर सावल्यांचा वॉश हाताखालीच वाळू लागतो. तेव्हा रंग जास्त पातळ ठेवा आणि एका वेळी चित्राचा एकच भाग घ्या, भिंतीचा कोपरा आला की तिथेच संपवा. त्या कोपऱ्यावर कड पडली तरी शोभते.

शेवटची दहा मिनिटं

घट्ट रंगानं दरवाज्यांचा अंधार, पत्र्याखालची काळोखी, टाकी. दोन-तीन माणसं, डोकी लहान, पाय निमुळते. एखादी तार रिगरनं, मधेमधे तुटलेली. उन्हातली फांदी हवी असेल तर ब्लेडच्या टोकानं वाळलेला रंग खरवडा. चुकलेली जागा दमट ब्रशनं घासून कापडानं टिपली की बरीचशी उठते. क्रिमसनचा डाग मात्र राहतो.

तोवर शाळेतली पोरं जमलेली असतात. त्यांना जुना कागद आणि एक ब्रश दिला की ती आपल्या कामाला लागतात. "हे केवढ्याला जातं?" हा प्रश्न येणारच, माझं उत्तर "अजून पुरं व्हायचंय" असतं.

पुढे काय करावं हे सुचेना झालं की चित्र संपलंय. टेप कागदापासून बाहेरच्या दिशेनं, तिरपी ओढून काढा. मळलेलं पाणी कऱ्हेत ओतू नका, बाटलीत भरून परत आणा. काही पिवळ्या-लाल रंगांत कॅडमियम हा विषारी धातू असतो. घरी आल्यावर फोटो बघून दुरुस्त्या करत बसू नका. फोटोत सावल्या काळ्याठिक्कर पडतात आणि आपण तेच कागदावर उतरवतो.

कागदामागे तारीख, वेळ आणि बसायची जागा लिहून ठेवा. अर्धं राहिलेलं चित्र त्याच उजेडात पुरं करता येतं. सूर्याची वाट २१ डिसेंबरच्या दोन्ही बाजूंना सारखी असते, त्यामुळे १० नोव्हेंबरच्या सकाळचं ऊन १ फेब्रुवारीच्या सुमारास पुन्हा त्याच पायरीवर पडतं. फक्त घड्याळात सुमारे अर्धा तास उशिरा: नोव्हेंबरात ९ ला दिसलेली सावली फेब्रुवारीत साडेनऊला गाठायची.